सायकलिंगमध्ये डोपिंगची बातमी फुटली की नेमकं काय बघायचं: फॅन लोकांसाठी गाईड

डोपिंगची बातमी आली की पहिलं काम एकच, ती कुणी दिलीये ते बघा. यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) दिली, टीमने दिली, पोलिसांनी दिली, एखाद्या पेपरने फोडली की जुना टीममेट बोलला, यावर पुढचं सगळं ठरतं. हेडलाइन मात्र सगळ्यांची सारखीच असते, "अमुक डोपिंगमध्ये अडकला". अडकला म्हणजे काय झालं? सॅम्पलमध्ये काही सापडलं? डॉक्टरच्या डायरीत नाव सापडलं? टेस्टवाले आले तेव्हा सांगितलेल्या पत्त्यावर नव्हता? या तीन केसेस तीन वेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांचे निकालही वेगवेगळे लागतात.

पहिल्या तासाभरात लोक दोन गटांत वाटले जातात, एक म्हणतो "सगळे चोर आहेत", दुसरा म्हणतो "आमच्या माणसाविरुद्ध कट आहे", आणि निकालपत्र येतं तेव्हा दोघांपैकी कुणीच ते उघडत नाही कारण तोवर प्रकरण शिळं झालेलं असतं. खरी माहिती तर तिथेच असते. आणि फटका कुणाला बसला हेही तेव्हाच कळतं, पुष्कळदा हेडलाइनमधल्या माणसाच्या आधी दुसराच कुणीतरी रस्त्यावर आलेला असतो.

आधी केसचा प्रकार ओळखा

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे लॅबचा. सॅम्पल दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी. ए मध्ये काही सापडलं की रायडरला कळवतात आणि त्याला बी बाटली उघडून तपासून घ्यायचा हक्क असतो. बी बाकी असताना कुणी "दोषी ठरला" लिहिलं असेल तर ती बातमी तिथेच सोडून द्या. बी पण तेच बोलली तरी सुनावणी बाकी असतेच, कारण ते अंगात आलं कसं यावर शिक्षा ठरते.

दुसरा प्रकार बायोलॉजिकल पासपोर्टचा. यूसीआयने २००८ मध्ये आणला. यात कुठलं औषध सापडत नाही, रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवतात आणि ते नैसर्गिक वाटेनासे झाले की तज्ज्ञांचं पॅनेल बसतं. हे प्रकरण कमालीचं संथ चालतं. हुआन होसे कोबोने २०११ ची व्हुएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची मोठी रेस) जिंकली, पासपोर्टमुळे ती २०१९ मध्ये काढून घेतली आणि क्रिस फ्रूमला दिली, मध्ये आठ वर्षं गेली. उलट बाजूही आहे, रोमान क्रॉयझिगरवर २०१४ मध्ये पासपोर्टची केस लागली, त्याची टूर (टूर द फ्रान्स) हुकली आणि पुढच्या वर्षी यूसीआयने स्वतःच केस मागे घेतली. म्हणून "पासपोर्टमध्ये गडबड" एवढ्यावरून कुठलंच मत बनवू नका, एवढंच सांगतो.

तिसरा, ठावठिकाण्याचा. मोठ्या रायडर्सना रोजचा एक तास आणि जागा आधी कळवावी लागते, बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की केस होते. लोकांना हा प्रकार फालतू वाटतो, "बिचारा विसरला असेल" वगैरे. मिकाएल रासमुसेनची गोष्ट बघा. २००७ ची टूर, पिवळी जर्सी (म्हणजे एकूण रेसमध्ये पहिला) अंगावर, २५ जुलैला ओबिस्कच्या चढावर स्टेज (त्या दिवसाची रेस) जिंकला आणि त्याच रात्री त्याच्याच टीमने, राबोबँकने, त्याला घरी पाठवलं. पॉझिटिव्ह टेस्ट नव्हती हो! मेक्सिकोत होतो असं सांगितलं होतं आणि दिसला होता इटलीत, एवढंच. २०१३ मध्ये त्याने स्वतः कबूल केलं की वर्षानुवर्षं डोपिंग करत होतो. टेस्ट चुकवणारा प्रत्येक जण असाच असतो असं नाही, पण ठावठिकाणा हा नुसता कागदी नियम नाहीये हे लक्षात ठेवा.

चौथा, पोलिसांचा, आणि सगळ्यात मोठे धमाके इथूनच झालेत. १९९८ मध्ये टूर सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, ८ जुलैला, विली व्होएट नावाचा फेस्टिना टीमचा मसाजवाला फ्रान्स-बेल्जियम सीमेवर गाडीसकट पकडला गेला आणि गाडीत ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉनचा साठाच निघाला. तोवर त्या टीमचे रायडर टेस्ट देत होते आणि पास होत होते, कारण ईपीओ पकडणारी टेस्टच तेव्हा नव्हती, ती २००० च्या सिडनी ऑलिंपिकला आली. म्हणजे लॅब जिथे आंधळी होती तिथे कस्टमवाल्यांनी काम केलं. फेस्टिनाला टूरमधून हाकललं, बाकी टीम्सवर धाडी पडल्या, रायडर निषेध म्हणून रस्त्यावर बसले, १८९ निघाले होते त्यातले ९६ पॅरिसला पोचले. फेस्टिनाचा स्टार रायडर रिशार विरांक "मी नाही, मी नाही" करत राहिला तो थेट ऑक्टोबर २००० मध्ये लिलच्या कोर्टात कबूल होईपर्यंत. त्या टूरच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, वाडा ही डोपिंगविरोधी जागतिक संस्था उभी राहिली, त्यात या भानगडीचा मोठा हात होता.

पण पोलिस केस म्हटलं की एक गोष्ट तपासायची, तिथला कायदा काय म्हणतो. स्पेनमध्ये मे २००६ ला ऑपरेशन पुएर्तो झालं, माद्रिदमध्ये डॉक्टर युफेमियानो फुएंतेसकडे दोनशेच्या वर रक्ताच्या पिशव्या सापडल्या, पण तेव्हा स्पेनमध्ये डोपिंग हा गुन्हाच नव्हता. म्हणून केस चालली सार्वजनिक आरोग्याला धोका पोचवल्याची. २०१३ मध्ये एक वर्षाची शिक्षा, तीही स्थगित, आणि वर कोर्टाने पिशव्या नष्ट करा म्हणून आदेश दिला! २०१६ मध्ये अपिलात डॉक्टर सुटला आणि पिशव्या क्रीडा संस्थांना द्यायचं ठरलं, पण तोवर कारवाईच्या मुदती उलटून गेल्या होत्या.

तरी सगळं पाण्यात गेलं नाही. त्यातली एक, १८ नंबरची प्लाझ्माची पिशवी, आलेहांद्रो व्हाल्व्हेर्देची असल्याचा संशय होता आणि स्पेन तर हालेना. २००८ ची टूर मध्येच इटलीत शिरली, इटलीच्या ऑलिंपिक समितीने तिथे त्याचं रक्त घेतलं, पिशवीशी डीएनए जुळवला आणि आपल्या देशापुरती बंदी घातली, जी २०१० मध्ये जगभर लागू झाली. मला विचाराल तर अख्ख्या पुएर्तोमधलं सगळ्यात हुशार काम हेच.

पाचवा प्रकार साक्षीचा, त्याच्याकडे पैशाच्या भागात येतोच.

मग पदार्थ बघा, आणि आकडा

बंदी असलेली सगळी औषधं एका मापाने मोजत नाहीत. काही अशी आहेत की खेळाडूच्या शरीरात असायचं कारणच नाही, ईपीओ, दुसऱ्याचं रक्त वगैरे. काही अशी की दम्याला, सर्दीला लोक घेतात, आणि तिथे लगेच तात्पुरती बंदी घालणं सक्तीचं नसतं. लोकांचा घोळ इथेच होतो.

फ्रूमचं प्रकरण घ्या. ७ सप्टेंबर २०१७, व्हुएल्टा, लघवीत सॅल्ब्युटामॉल २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, मर्यादा १०००. दम्याच्या पंपातलं औषध, ठरलेल्या डोसपर्यंत घ्यायला परवानगी आहे, प्रश्न होता की जास्त घेतलं का. नियमाप्रमाणे हे गुप्त राहायला हवं होतं, पण डिसेंबरमध्ये पेपरने फोडलं. मग लोक ओरडायला लागले की "दुप्पट सापडलं तरी हा रेस कसा काय करतोय, पैसेवाल्या टीमला वेगळा नियम". नियम तोच होता, या औषधाला आपोआप बंदी नाही. तो रेस करत राहिला, मे २०१८ मध्ये जिरोही (इटलीची तीन आठवड्यांची रेस) जिंकला, २ जुलैला केस बंद झाली आणि पाच दिवसांनी टूर सुरू झाली. आता तुम्हाला तो निकाल पटो न पटो, पण "बंदी का नाही घातली" हा प्रश्न चुकीचा होता. बरोबर प्रश्न हा की याच औषधासाठी दिएगो उलिस्सीला २०१४ च्या जिरोनंतर नऊ महिने बसवलं आणि इथे काहीच नाही, असं का? हा प्रश्न विचारणारे फार कमी होते, कारण त्यासाठी जुनी केस माहीत असावी लागते.

दुसरं टोक आल्बेर्तो कोंतादोर. २१ जुलै २०१०, टूरचा विश्रांतीचा दिवस, क्लेनब्युटेरॉल सापडलं ५० पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, इतक्याने कोण जोरात सायकल चालवणार, असं सगळे म्हणाले आणि त्यात चूकही नाही. पण या पदार्थाला किमान मर्यादाच नव्हती, सापडलं म्हणजे सापडलं, कसं आलं ते रायडरने पटवून द्यायचं. तो म्हणाला स्पेनहून आणलेल्या मटणातून आलं, गोमांस होतं. स्पॅनिश फेडरेशनने फेब्रुवारी २०११ मध्ये सोडून दिलं, यूसीआय आणि वाडा वर गेले, आणि क्रीडा लवादाने ६ फेब्रुवारी २०१२ ला दोन वर्षांची बंदी दिली. त्या निकालात लिहिलंय काय, तर मटणही नाही आणि रक्त चढवणंही नाही, दूषित सप्लिमेंटमधून आलं असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटली. म्हणजे "रक्त चढवत होता हे सिद्ध झालं" म्हणणारेही चुकले आणि "निर्दोष माणसाला फसवलं" म्हणणारेही. निकालपत्र वाचायचं ते यासाठी.

आणि एक छोटंसं, डोपिंग आणि मेडिकल नियम वेगळे असतात. नाइरो किंतानाला २०२२ च्या टूरमधला सहावा नंबर गमवावा लागला ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधामुळे, पण तेव्हा ते फक्त यूसीआयच्या मेडिकल नियमात होतं, वाडाच्या यादीत १ जानेवारी २०२४ पासून आलं. म्हणून बंदी नव्हतीच. तरीही लोक त्याला डोपर म्हणून मोकळे.

रायडरचं स्टेटमेंट कसं वाचायचं

"मी कधीही पॉझिटिव्ह आलो नाही" हे वाक्य दिसलं की थांबा. डोपिंग केलं नाही असं त्यात कुठे म्हटलंय? सात वेळा टूर जिंकलेल्या (आणि नंतर त्या सगळ्या गमावलेल्या) लान्स आर्मस्ट्राँगने हेच वाक्य वर्षानुवर्षं वापरलं. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या सॅम्पलमध्ये कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलंच होतं, मग सीटच्या जखमेच्या मलमाची चिठ्ठी पुढे आली, मागची तारीख टाकलेली. २००५ मध्ये एका फ्रेंच पेपरने छापलं की त्याच टूरच्या साठवलेल्या सॅम्पल्समध्ये संशोधनासाठी तपासताना ईपीओ निघालं, पण ए बाटल्या संपलेल्या, बीच तपासलेल्या, त्यामुळे शिक्षा होऊ शकत नव्हती. पुरावा असणं आणि शिक्षा होणं यात किती अंतर असतं ते इथे दिसतं.

उलट बाजूने, ज्याचं स्टेटमेंट ताबडतोब, सरळ आणि तपासता येईल असं असतं त्याच्याकडे जरा लक्ष द्या. सायमन येट्सला २०१६ च्या पॅरिस-नीसमध्ये टर्ब्युटालिन हे दम्याचं औषध सापडलं, टीम म्हणाली पंपाची परवानगी काढायला आमचा डॉक्टर विसरला, चार महिने बंदी, विषय संपला.

पैसा कुठे हलतो ते बघा

माझ्या मते खरा परिणाम इथे मोजायचा. रायडर बंदी भोगून परत येतो, पण टीमचा स्पॉन्सर गेला की मेकॅनिक, बस ड्रायव्हर, मसाजवाले आणि कमी पगाराचे रायडर एकदम बेकार, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसतो. फ्लॉइड लँडिस २००६ ची टूर जिंकून पकडला गेला आणि त्याची फोनाक टीम त्याच वर्षी बंद झाली. टी-मोबाइलने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये हात झटकले. जर्मन टीव्हीने, एआरडी आणि झेडडीएफने, २००७ ची टूर अर्ध्यात दाखवायची बंद केली, आणि जर्मनीची स्वतःची राष्ट्रीय रेस २००८ नंतर जी बंद पडली ती २०१८ ला परत सुरू झाली. दहा वर्षं! त्या दहा वर्षांत जर्मनीत जी पोरं रेसिंगमध्ये आली त्यांनी काय घोडं मारलं होतं?

पुएर्तोच्या वेळचं उदाहरण तर फारच बोचणारं. संशयितांच्या यादीत नावं आली म्हणून २००६ च्या टूरच्या आदल्या दिवशी आस्ताना-व्युर्थचे नऊपैकी पाच रायडर बाहेर, उरले चार, किमान सहा लागतात, म्हणून अख्खी टीम घरी, आणि त्यात होता आलेक्झांडर विनोकुरोव्ह ज्याचं नाव यादीत नव्हतंच. महिन्याभरात स्पॅनिश कोर्टाने त्या पाचही जणांना मोकळं केलं, टूर तोवर संपलेली. विनोकुरोव्हबद्दल लोक हळहळले, आणि पुढच्याच वर्षी टूरमध्ये दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल तोच पकडला गेला. म्हणून म्हणतो, हळहळ आणि शिव्या दोन्ही जरा जपून खर्च करा.

आता साक्षीचा प्रकार. अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने, यूएसएडीएने, १० ऑक्टोबर २०१२ ला आर्मस्ट्राँगवरचा निकाल बाहेर काढला, हजाराच्या वर पानं, २६ जणांच्या साक्षी, त्यातले अकरा त्याचेच जुने टीममेट. १७ तारखेला नायके गेली. १९ तारखेला राबोबँक गेली, सतरा वर्षांची स्पॉन्सरशिप, आणि ती तर वेगळीच टीम होती! तिचे रायडर २०१३ मध्ये ब्लँको नावाने, छातीवर कुठल्याच कंपनीचं नाव न घेता धावले. तीच टीम नावं बदलत बदलत आज व्हिस्मा म्हणून आहे. आर्मस्ट्राँगकडून वसुली पुढे वर्षानुवर्षं चालली, एका विमा कंपनीला २०१५ मध्ये लवादाने त्याला १ कोटी डॉलर द्यायला लावले, आणि सरकारी पोस्ट खात्याच्या स्पॉन्सरशिपची केस एप्रिल २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर मिटली, त्यातले ११ लाख मिळाले लँडिसला, कारण ती केस त्यानेच लावली होती.

हो, तोच लँडिस. आणि इथे फॅनच्या खिशाची गोष्ट येते. २००६ मध्ये पकडला गेल्यावर त्याने निधी काढला, माझ्यावर अन्याय झालाय, लढायला पैसे द्या, आणि लोकांनी दिले. २०१० मध्ये त्याने कबूल केलं की डोपिंग करत होतो. २०१२ मध्ये सरकारी वकिलांशी करार करून देणगीदारांना ४,७८,३५४ डॉलर परत करायचं मान्य केलं. तेव्हा कुठल्याही रायडरच्या कोर्टखर्चासाठी वर्गणी मागितली तर जर्सी विकत घ्या, पोस्टर घ्या, पण वर्गणी निकालानंतर द्या.

कुणाचा आवाज दाबला जातोय का

हे बघायची सवय लावा, फार उपयोगी आहे. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासों पेपरात लिहायचा की या वेगाने स्वच्छ माणूस जाऊ शकत नाही, आर्मस्ट्राँगने रेस चालू असताना त्याला गाठून सुनावलं, बाकीचे बोलेनासे झाले आणि तो अर्ध्यातून घरी गेला. २००४ मध्ये फिलिप्पो सिमेओनी मुख्य घोळक्यातून फुटून पुढे गेलेल्या एका गटात जाऊन मिळाला. त्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध, मिकेले फेरारीविरुद्ध, साक्ष दिली होती. पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याचा पाठलाग करत गेला, एवढ्या लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर, सिमेओनी मागे फिरला तेव्हाच शांत झाला, आणि परत येताना ओठांवर चेन ओढायची खूण केली. टूर जिंकायला त्या पाठलागाची काहीएक गरज नव्हती. टीमची मसाज करणारी एमा ओ'रायली खरं बोलली तर तिच्यावर केस. संडे टाइम्सने लिहिलं तर त्यांच्यावर केस, २००६ मध्ये तीन लाख पौंडांवर मिटवली, आणि कबुलीनंतर पेपरला ते परत मागावे लागले.

लॅब रिपोर्ट तुमच्या माझ्या हातात येत नाही. पण बोलणाऱ्याला कोण, कसं, किती ताकद लावून गप्प करतंय हे मात्र उघड दिसतं, फक्त बघायला हवं. याला पुरावा म्हणू नका, खूण म्हणा.

पोस्ट टाकायच्या आधी

टीममेट्सची नावं गोवू नका, चढावर लावलेल्या ताकदीचे, वॅट्सचे, आकडे टाकून "बघा सिद्ध झालं" करू नका, त्यात वारा, ड्राफ्ट (दुसऱ्याच्या मागे राहून मिळणारा आडोसा), वजन सगळं अंदाजे धरलेलं असतं. "तात्पुरती बंदी" आणि "बंदी" वेगळं लिहा. शिव्या घालायच्याच असतील तर रायडरच्या डोक्यावरच्या माणसांनाही घाला, डॉक्टर, मॅनेजर, कारण ते बऱ्याचदा पुढच्या टीमच्या गाडीत बसलेले दिसतात. आर्मस्ट्राँगचा मॅनेजर योहान ब्रुनीलला कायमची बंदी लागायला २०१८ उजाडलं.

आणि माणूस आहे हे विसरू नका. मार्को पंतानीला ५ जून १९९९ ला जिरो जिंकता जिंकता मादोन्ना दी कांपिल्योमध्ये बाहेर काढलं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५२ टक्के, मर्यादा ५०. कागदोपत्री ती डोपिंगची शिक्षा नव्हतीच, तब्येतीच्या नावाखाली पंधरा दिवसांची विश्रांती होती. तो त्यातून कधी सावरला नाही, १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या हॉटेलात वारला. तो स्वच्छ होता असं मी म्हणत नाहीये.

रेकॉर्ड कसं ठेवायचं, आणि बंदीची तारीख

जुने विजेते पाठ असतील तर यादी पेन्सिलने लिहा. आर्मस्ट्राँगच्या १९९९ ते २००५ च्या सातही टूर रिकाम्या आहेत, दुसऱ्याला दिल्या नाहीत, कारण देणार कुणाला! लँडिसची २००६ ची मात्र ऑस्कर पेरेरोला मिळाली, कोंतादोरची २०१० ची अँडी श्लेकला आणि २०११ चा जिरो मिकेले स्कारपोनीला. सरसकट नियम शोधायला जाऊ नका, प्रत्येक निकालात वेगळं लिहिलेलं असतं.

बंदी किती वर्षांची यापेक्षा ती कुठल्या तारखेपासून मोजली ते आधी बघा. कोंतादोरची दोन वर्षांची बंदी मागच्या तारखेपासून धरली, निकाल फेब्रुवारी २०१२ ला आला आणि बंदी संपली ५ ऑगस्ट २०१२ ला. मधल्या काळातले विजय गेले ते गेले, पण निकालानंतर प्रत्यक्ष रेसिंगच्या बाहेर बसला तो सहा महिने. त्याच महिन्यात व्हुएल्टा सुरू झाली आणि ती त्याने जिंकली.